प्रत्येक सोनोग्राफीत वेगळी ड्यू डेट, धरायची कुठली?

कापूसकोंडी:

नमस्कार मंडळी, मी एरवी वाचनमात्र असते पण आता डोकं पार चक्रावलंय म्हणून विचारतेय. पहिलंच बाळंतपण आहे. शेवटची पाळी ३ जानेवारीची, त्यावरून १० ऑक्टोबर तारीख सांगितली होती. मग ९ मार्चला पहिली सोनोग्राफी झाली, त्यात सीआरएल (बाळाची लांबी) १७ मिमी, वय ८ आठवडे १ दिवस आणि ड्यू डेट १८ ऑक्टोबर. मग ३१ मेला ॲनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांत काही दोष आहे का ते बघतात तो), त्यात २० आठवडे ४ दिवस, ड्यू डेट १४ ऑक्टोबर. आणि आता २३ ऑगस्टला ग्रोथ स्कॅन झाला त्यात म्हणे बाळ ३० आठवडे ६ दिवसांचं आणि ड्यू डेट थेट २६ ऑक्टोबर!! म्हणजे बाळ पुढे जायचं सोडून मागे मागे चाललंय का?

रिपोर्टातले आकडे देते, बीपीडी (डोक्याची रुंदी) ३० आठवडे २ दिवस, एचसी (डोक्याचा घेर) ३१ आठवडे ३ दिवस, एसी (पोटाचा घेर) ३० आठवडे ४ दिवस, एफएल (मांडीच्या हाडाची लांबी) ३१ आठवडे १ दिवस. अंदाजे वजन १७२५ ग्रॅम, १८ पर्सेंटाइल (म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांतली १८ याच्यापेक्षा हलकी). बाळ ब्रीच (डोकं वर, ढुंगण खाली). पाणी नॉर्मल लिहिलंय. डॉक्टर म्हणाल्या काळजीचं काही नाही, तीन आठवड्यांनी परत ग्रोथ आणि डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करू. आता काळजीचं नाही तर परत कशाला, हे विचारायचं तिथे सुचलंच नाही, बाहेर इतकी गर्दी होती की मी फाईल उचलून निघालेच.

माझी पाळी कधीच २८ दिवसांची नव्हती, ३५-३८ दिवसांनी यायची, ते पण सांगून ठेवते. नवरा म्हणतो तिन्ही तारखांची सरासरी काढ आणि विषय संपव (तो सगळ्याचीच सरासरी काढतो). कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

साखरझोप:

अगं टेन्शन घेऊ नकोस, माझ्याही प्रत्येक रिपोर्टात वेगळी तारीख होती, बाळ त्याला यायचं तेव्हाच आलं. माझ्या मते सगळ्यात लेटेस्ट सोनोग्राफीची तारीख धरायची कारण बाळ मोठं झालेलं असतं, सगळं स्पष्ट दिसतं, मापं पण नीट घेता येतात. आठ-दहा वितांच्या... सॉरी ऑटोकरेक्ट, आठ-दहा दिवसांचा फरक म्हणजे काहीच नाही.

ध्वनिलहरी:

मी रेडिओलॉजिस्ट आहे. इथे बसून कुणाच्या रिपोर्टवर निदान करणार नाही, पण हा प्रश्न आमच्या खोलीत जवळपास रोज येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. साखरझोप, राग मानू नका पण सल्ला नेमका उलटा आहे. बाळ मोठं झालं की दिसतं जास्त हे खरं, पण वय कळतं कमी.

कारण असं की पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, म्हणजे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी (तीच ती सीआरएल) मोजली की वय पाच-सात दिवसांच्या फरकाने नक्की सांगता येतं. पुढे प्रत्येकाची आपापली वाढ सुरू होते. बालवाडीतल्या पोरांच्या उंचीवरून वय साधारण सांगता येईल, दहावीच्या वर्गात तोच प्रयोग करून बघा. २८ आठवड्यांनंतर नुसत्या मापांवरून वय काढलं तर तीन आठवडे इकडे तिकडे होऊ शकतं, एवढी ती पद्धत ढोबळ आहे.

आता तुमची केस. पाळीप्रमाणे ९ मार्चला ९ आठवडे २ दिवस व्हायला हवे होते, सीआरएल म्हणाली ८ आठवडे १ दिवस. फरक आठ दिवसांचा. ९ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान फरक सात दिवसांपेक्षा जास्त असेल तर पाळीची तारीख सोडून स्कॅनची धरायची असा सर्वसाधारण नियम आहे (त्याआधी, म्हणजे ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत, पाच दिवसांपेक्षा जास्त). आणि तुमची पाळी ३५-३८ दिवसांची, म्हणजे अंड बाहेर पडलंच आठ-दहा दिवस उशिरा, म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. पाळीवरचं गणित २८ दिवसांचं चक्र आणि चौदाव्या दिवशी ओव्हुलेशन असं गृहीत धरून बसलेलं असतं, तुमच्या शरीराला ते कुणी कळवलेलं नाही. तर तुमची ड्यू डेट १८ ऑक्टोबर. ती मार्चमध्ये ठरली आणि तिथेच तो विषय संपला. त्यानंतरच्या रिपोर्टांत जी ड्यू डेट छापून येते ती मशीन आपलं आपण काढतं, त्या दिवशीची मापं सरासरी बाळाशी लावून. आमच्यातले बरेच जण ती ओळ खोडत नाहीत आणि मग असे धागे निघतात.

सरासरी का नाही? कारण तिन्ही आकडे सारख्या भरवशाचे नाहीत. एक चांगला आणि दोन ढोबळ मिसळले की चांगला बिघडतो, बाकी काही होत नाही. यजमानांना सांगा.

पण खरी गंमत, खरं तर गंमत नाही, पुढे आहे. तारीख पुढे ढकलणं निरुपद्रवी वाटतं ना? १७२५ ग्रॅम हेच वजन घ्या आणि हॅडलॉकच्या तक्त्यात (कितव्या आठवड्याला बाळाचं किती वजन असतं त्याचा तक्ता) तीन तारखांनी बघा. पाळीची तारीख धरली तर २३ ऑगस्टला ३३ आठवडे १ दिवस होतात, त्या वयाला हे वजन पाचव्या पर्सेंटाइलच्या आसपास, म्हणजे दहाच्या खाली, लगेच "वाढ खुंटली" असा शिक्का. पहिल्या स्कॅनची तारीख धरली तर बरोबर ३२ आठवडे, पर्सेंटाइल १८, लहानखुरं पण हद्दीत. आणि लेटेस्ट स्कॅनची धरली तर ३० आठवडे ६ दिवस आणि हेच बाळ पन्नासाव्या पर्सेंटाइलवर, एकदम मधोमध, छान छान. बाळ तेच, वजन तेच, नुसती तारीख हलवली. बाळाच्याच मापावरून वय ठरवायचं आणि मग त्या वयाला माप बरोबर आहे का ते बघायचं, असं केलं तर कुठलंच बाळ कधीच लहान निघणार नाही! म्हणून नंतरच्या स्कॅनवरून तारीख बदलायची नसते. जे बाळ खरंच अडचणीत आहे, प्लॅसेंटाकडून (वारेकडून) पुरेसं मिळत नाहीये, ते यात लपून जातं.

तुमच्या रिपोर्टात १८ पर्सेंटाइल लिहिलंय म्हणजे त्यांनी आतून १८ ऑक्टोबरच धरलीये, चांगलं काम केलंय.

परत कशाला बोलावलं? १८ हा आकडा एकटा काही बोलत नाही. बाळ पहिल्यापासून त्या रेषेवर आहे की चाळीसवरून घसरत आलंय हे दुसऱ्या स्कॅनशिवाय कळत नाही. आणि तीन आठवडेच का तर सोनोग्राफीच्या वजनात १०-१५ टक्के चूक धरूनच चालायची असते, तुमच्या बाळाच्या बाबतीत १७० ते २६० ग्रॅम. या काळात बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं. म्हणजे पुढच्याच आठवड्यात मोजलं तर वाढ दिसतेय का मोजमापातली चूक दिसतेय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काही लोक हट्टाने दर आठवड्याला वजन करून मागतात, पैसे आणि झोप दोन्ही जातं.

अजून एक, बीपीडी सगळ्यात मागे दिसतंय ते बघून घाबरू नका. ब्रीच बाळांचं डोकं बऱ्याचदा लांबट असतं, त्यामुळे आडवं माप कमी येतं, घेर मात्र ठीक असतो. तुमचा एचसी ३१ आठवडे ३ दिवस आहे बघा. वाढीच्या दृष्टीने आमचं लक्ष पोटाच्या घेरावर, म्हणजे एसीवर जास्त असतं, कारण खुराक कमी पडला की लिव्हर आणि चरबी आधी कमी होते. ३२ आठवड्यांना ब्रीच असण्याचं तर काहीच नाही, वळायला वेळ आहे अजून.

हो, आयव्हीएफ असेल तर वरचं सगळं बाद, तिथे गर्भ आत सोडल्याच्या तारखेवरून हिशोब होतो.

कापूसकोंडी:

बापरे, हे असं कुणी आधी सांगितलं असतं तर! तीन तारखांना तीन निकाल हे वाचून अंगावर काटाच आला. खूप धन्यवाद डॉक्टर.

आता एक राहिलंच होतं, ॲनोमली स्कॅनच्या रिपोर्टात "डाव्या व्हेंट्रिकलमध्ये इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस" असं पण होतं. तेव्हा डॉक्टरांनी डबल मार्कर (रक्ताची स्क्रीनिंग चाचणी) नॉर्मल आहे ना, मग सोडून दे असं सांगितलं. मी सोडलं पण रात्री गुगल केलं आणि मग अजिबात सुटेना. आणि डॉप्लरने बाळाला काही त्रास होतो का? इतक्या सोनोग्राफ्या चालतात का मुळात?

सरळसोट:

हेच लिहायला आलो होतो. पूर्वी एकही सोनोग्राफी न करता पिढ्यान्‌पिढ्या मुलं झालीच ना? आता दर महिन्याला स्कॅन, थ्रीडी, फोरडी, त्याचे व्हिडिओ, फोटो. ध्वनिलहरींनी उती तापतात हे विज्ञानच सांगतं, फिजिओथेरपीत तर त्याच लहरींनी शेक देतात. मग पोटातल्या बाळाला शेक कशाला? डॉक्टर मंडळी यावर कधी बोलत नाहीत.

ध्वनिलहरी:

@सरळसोट, बोलतात की, तुम्ही विचारलंत म्हणून अजून बोलतो. तापतात हे खरं आहे. म्हणूनच प्रत्येक मशीनच्या पडद्यावर कोपऱ्यात दोन आकडे सतत दिसत असतात, टीआय आणि एमआय. टीआय म्हणजे उष्णतेचा अंदाज, एमआय म्हणजे यांत्रिक परिणामाचा. फिजिओथेरपीचं यंत्र मुद्दाम तापवायलाच बनवलेलं असतं, एकाच जागी सलग लहरी सोडतं. आमचं यंत्र छोटासा ठोका सोडतं आणि मग बहुतेक सगळा वेळ परत येणारा आवाज ऐकत बसतं. एक्सरेसारखे किरण तर यात नाहीतच. इतक्या वर्षांच्या वापरात नेहमीच्या स्कॅनने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

तरी नियम आहेत आणि ते पाळायचे असतात. गरज असेल तेव्हाच, लागेल तेवढीच ऊर्जा, लागेल तेवढाच वेळ. पहिल्या तीन महिन्यांत गर्भावर पल्स्ड डॉप्लर उगाच लावत नाहीत कारण त्यात एकाच ठिकाणी ऊर्जा केंद्रित होते, म्हणून सुरुवातीला हृदयाचे ठोके एम-मोडने (डॉप्लर न लावता मोजायची पद्धत) मोजतात. कापूसकोंडी, तुमचं डॉप्लर पस्तिसाव्या आठवड्यात, तेही नाळेतल्या रक्तवाहिनीवर. वाढ कमी वाटत असेल तेव्हा प्लॅसेंटा नीट काम करतेय का हे बघायचा तो सगळ्यात उपयोगी मार्ग आहे, तो टाळू नका.

आणि सरळसोट यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशीत २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी एवढंच सगळ्यांसाठी आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात तर असं दिसलं की काही जोखीम नसलेल्या बाईची २४ आठवड्यांनंतर सरसकट सोनोग्राफी केल्याने आईचा किंवा बाळाचा वेगळा फायदा होत नाही. कारण असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि ते कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे. निव्वळ आठवण म्हणून व्हिडिओ काढायला अर्धा तास प्रोब (यंत्राचं पोटावर टेकवायचं टोक) फिरवणं याला अमेरिकेचं एफडीएसुद्धा (औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) नको म्हणतं.

इकोजेनिक फोकस: हृदयाच्या आतल्या स्नायूवरचा एक चकचकीत ठिपका. हृदयाचा दोष नाही, हृदय त्याने बिघडत नाही. साधारण ३ ते ५ टक्के अगदी धडधाकट बाळांत दिसतो. त्याचं नाव रिपोर्टात येतं कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत तो थोडा जास्त वेळा दिसतो, म्हणून सॉफ्ट मार्कर म्हणतात. पण तो एकटाच असेल, बाकी स्कॅन स्वच्छ असेल आणि रक्ताची स्क्रीनिंग चाचणी कमी जोखमीची असेल तर पुढे काहीच करायचं नसतं. तुमच्या डॉक्टर बरोबर होत्या, गुगल चुकलं. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्सस सिस्टचंही तसंच, १-२ टक्के बाळांत दिसतात आणि आपोआप जातात.

आणि उलट बाजूही सांगतो, नॉर्मल ॲनोमली स्कॅन म्हणजे गॅरंटी कार्ड नव्हे. हृदयातली काही भोकं तेव्हा दिसत नाहीत, आतड्यातला एखादा अडथळा तिसऱ्या तिमाहीतच डोकं वर काढतो, आणि ऐकू येणं, ऑटिझम असल्या गोष्टी सोनोग्राफीत मुळात दिसतच नाहीत.

धातुपरीक्षक:

डॉक्टरांच्या गप्पांत इंजिनियरने नाक खुपसतोय. मी वेल्डिंगच्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी करतो, आणि हे पोटावरचं यंत्र आमच्याच घराण्यातलं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

ग्लासगोचे इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, युद्धात हवाई दलात असताना रडार-सोनारशी ओळख झालेली. १९५५ च्या जुलैत हे गृहस्थ ऑपरेशन करून काढलेले फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आणि ओव्हरीचे सिस्ट गाडीच्या डिकीत घालून रेनफ्र्यूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कारखान्यात गेले. तिथे लोखंडातल्या भेगा शोधायचं अल्ट्रासॉनिक यंत्र होतं, त्याने हे गोळे तपासले, तुलनेला मांसाचा मोठा तुकडाही होता. पाण्याने भरलेला सिस्ट आणि भरीव फायब्रॉइड यांचे प्रतिध्वनी साफ वेगळे आले. मग टॉम ब्राऊन नावाचा इंजिनियर आणि जॉन मॅकविकार हे डॉक्टर यांच्यासोबत काम करून ७ जून १९५८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. त्या काळातली एक पेशंट प्रसिद्ध आहे, पोटाचा कॅन्सर, आता काही होणार नाही असं सांगितलेली बाई, यंत्राने दाखवलं की हा प्रचंड मोठा सिस्ट आहे, काढला आणि बाई बरी झाली. म्हणजे बघा, सुरुवात गरोदरपणातून नाही, बायकांच्या पोटातल्या गाठींपासून झाली.

आणि ते गार गार जेल, त्यावरून सगळे कुरकुरतात, पण आम्हीही लोखंडावर तसलंच काहीतरी लावतो. प्रोब आणि कातडीमध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो, आत जातच नाही. पडद्यावरचं खोलीचं माप पण आवाज शरीरात सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं धरून काढलेलं असतं. माझ्या लोखंडात तो सहा हजाराच्या जवळ, त्यामुळे आमचं यंत्र तसंच्या तसं पोटावर लावू नका :)

हिरवाचाफा:

छान धागा चाललाय म्हणून माझं पण लिहिते, कुणाला उपयोग होईल. मला विसाव्या आठवड्यात "लो लाइंग प्लॅसेंटा" सांगितलं, कड गर्भाशयाच्या तोंडापासून १४ मिमीवर. घरी सगळ्यांनी मला काचेच्या भांड्यासारखं ठेवायला सुरुवात केली. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की २० मिमीपेक्षा जवळ असेल तर खाली आहे म्हणायचं, आणि विसाव्या आठवड्यात खाली असलेल्या दहातल्या नऊ जणींची नंतर वर गेलेली दिसते. प्लॅसेंटा चालत जात नाही म्हणे, गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन लांबतो त्यामुळे अंतर वाढतं. ३२ आठवड्यांना परत बघितलं तेव्हा माझं अंतर ३१ मिमी झालं होतं.

पण सांगायचं ते वेगळंच. तेव्हा आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी करायची म्हटल्यावर मी साफ नकार दिला होता, वाटलं प्लॅसेंटा आधीच खाली आणि आतून काही घातलं तर रक्तस्राव होईल. एका ठिकाणच्या टेक्निशियननेही "रिस्क असते हं" म्हणून भरच घातली. हे खरं होतं का? मी शेवटी करून घेतली, दुखलं नाही, दोन मिनिटांत झालं, पण अजून डोक्यात आहे.

ध्वनिलहरी:

@हिरवाचाफा, नाही, खरं नव्हतं. प्लॅसेंटा खाली असताना अंतर मोजायची हीच सगळ्यात अचूक आणि सुरक्षित पद्धत आहे. प्रोब गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जात नाही, अलीकडेच कोनात थांबतो. पोटावरून बघताना बाळाचं डोकं मध्ये येतं, लघवीची पिशवी भरलेली असेल तर ती दाबून प्लॅसेंटा उगाच खाली दिसते. हाताने तपासणी मात्र अशा वेळी टाळतात, बहुतेक त्याच्याशी गल्लत झाली असावी. गर्भाशयाच्या तोंडाची लांबीसुद्धा आतूनच मोजतात, २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिमी किंवा कमी निघाली तर मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देता येतं. पोटावरून मोजली तर ही लांबी हुकते.

निवांत:

धागा गरोदरपणाचा आहे पण वर बायकांच्या गाठींचा विषय निघालाच म्हणून विचारते. माझी मुलगी १६ वर्षांची, पाळी अनियमित, सोनोग्राफी केली तर रिपोर्ट "दोन्ही ओव्हरी पॉलिसिस्टिक". ती तेव्हापासून स्वतःला पीसीओएसची (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो आजार) पेशंट म्हणवते, रडते, मुलं होणार नाहीत म्हणते. आणि माझ्या स्वतःच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १३ मिमी जाड लिहिलंय, वय ४४, पाळी नियमित. कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, ड्यूटी संपवून वाचत होते, ध्वनिलहरी सरांनी बहुतेक लिहिलंच आहे, हे मी घेते.

निवांतताई, मुलीचं आधी. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएस ठरवायला सोनोग्राफी वापरायचीच नाही असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. कारण त्या वयात ओव्हरीत भरपूर छोटे फॉलिकल असणं हेच नॉर्मल. ते सिस्ट नसतातच, वाढू पाहणारी अंडी असतात, २ ते ९ मिमीची. मोठ्या बाईतही एका ओव्हरीत २० किंवा जास्त दिसली, नाहीतर ओव्हरीचं आकारमान १० मिली किंवा जास्त असलं तरच ती पॉलिसिस्टिक, आणि तेवढ्यावरही निदान होत नाही. त्यासोबत अनियमित पाळी किंवा पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं, म्हणजे नको तिथे केस, हट्टी मुरमं, किंवा रक्तात तसा आकडा, यातलं काहीतरी लागतं. मुलीला पाळी अनियमित आहे तर त्या लक्षणांबद्दल आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन बघून डॉक्टर ठरवतील. आणि पीसीओएस निघालं तरी मुलं होणार नाहीत हे अजिबात खरं नाही, ते तिच्या डोक्यातून आधी काढा.

तुमचं अस्तर. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते बघा. पाळी यायच्या आदल्या आठवड्यात १२-१४ मिमी असणं अगदी नेहमीचं आहे, पाळी संपल्या संपल्या केली असती तर तेच ४ मिमी दिसलं असतं. तुमची पाळी नियमित आहे, मधे डाग नाहीत, रक्तस्राव जास्त नाही, तर एकटा आकडा घेऊन घाबरायचं कारण नाही. पाळी कायमची थांबल्यावर मात्र हिशोब बदलतो. तेव्हा एक थेंबही रक्त दिसलं तरी दाखवायचं, आणि अस्तर ४ मिमीपेक्षा जास्त निघालं तर बायोप्सी. ४ किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी, पण परत परत रक्त दिसत राहिलं तर आकडा कितीही असो, तपासायचंच.

अजून एक, जे मला ओपीडीत वारंवार सांगावं लागतं. पाळीत असह्य दुखतं आणि सोनोग्राफी नॉर्मल, म्हणून मुलींना "काही नाहीये, सहन कर" सांगतात. एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) पातळ थर पोटाच्या आतल्या पडद्यावर असेल तर तो सोनोग्राफीत दिसत नाही. ओव्हरीतला चॉकलेट सिस्ट (याच आजारातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसतो, खोलवरचा आजार अनुभवी माणसाने आतून नीट शोधला तर दिसतो, बाकी नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

सरळसोट:

वाचतोय. टीआयचा आकडा पुढच्या वेळी पडद्यावर बघणार, बायकोच्या स्कॅनला आत येऊ दिलं तर.

कापूसकोंडी:

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी पण १८ ऑक्टोबरच सांगितली, मी फाईलवर वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीये. पुढचा स्कॅन १३ सप्टेंबरला. एक शेवटचा बावळट प्रश्न, पहिल्या वेळी भरपूर पाणी पिऊन ये म्हणाले होते आणि माझी बसून बसून हालत झाली होती, आता पण तेच करायचं का?

ध्वनिलहरी:

नाही, आता गरज नाही. सुरुवातीला गर्भाशय लहान असतं आणि वर आतडी, आतड्यांत हवा, म्हणून भरलेल्या पिशवीतून खिडकीसारखं बघावं लागतं. आता बाळाभोवतीचं पाणीच पुरेसं आहे. उपाशीही जाऊ नका. मार्चचा पहिला रिपोर्ट बरोबर न्या, मशीनमध्ये तारीख त्यावरूनच टाकायला सांगा, आणि ऑगस्टचाही न्या म्हणजे एसीची तुलना होईल. उताणं झोपल्यावर चक्कर किंवा घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, कुशीवर वळवून स्कॅन व्यवस्थित होतो.